३६ इंची फोल्डिंग पिंजरा: जखमी भटक्या मांजरासाठी घ्यावा का?

पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन 'डॉग क्रेट' म्हणून विकला जाणारा काळा, घडीचा लोखंडी पिंजरा ठाण्या-नवी मुंबईत बरेच जण वेगळ्याच कामासाठी घेतात. हात लावू न देणारं भटकं मांजर जखमी झालं की त्याला पंधरा दिवस ते दीड महिना ठेवायला. या कामापुरता तो कसा आहे, एवढंच इथे बघायचं आहे. वस्तू घेण्यासारखी आहे, पण दुकानातून आली तशीच वापरली तर सकाळी पिंजरा रिकामा सापडू शकतो. आणि मांजरांची जोडी असेल, एक जखमी आणि दुसरं धडधाकट, तर नुसत्या पिंजऱ्यावर भागत नाही. पकडण्याचा सापळा वेगळा लागतो, आणि खरी कसोटी तिथेच आहे.

आधी माप. हे पिंजरे लांबीवर ओळखले जातात: २४, ३०, ३६, ४२, ४८ इंच. ३६ इंची साधारण २३-२४ इंच रुंद आणि २५-२७ इंच उंच भरतो. मोठ्या बोक्यासाठी लपायचा खोका, मातीचा ट्रे आणि दोन वाट्या एवढं सामान त्यात नीट बसतं. २४ इंचीत ते बसत नाही. मांजर शेवटी शी-शूच्या ट्रेमध्येच बसून राहतं आणि जखम चिघळते. ४२ आणि त्यापुढचे उभारल्यावर सोसायटीच्या जिन्यावर वळत नाहीत, शिवाय आत उड्या मारायला जागा होते. कमरेचं हाड मोडलेल्या मांजराला उडीचीच बंदी असते, त्यामुळे अशा केसला आम्ही ३० इंची सुचवू. दुकानदार हमखास पुढे करतो तो तीन मजली, फळ्या आणि शिड्यांचा 'कॅट केज'. दिसायला छान, किंमत जवळपास दुप्पट, आणि जखमी मांजराला सगळ्यात वाईट. घाबरलेलं मांजर बऱ्याचदा वर जातं. वरच्या फळीवरून पडलं की प्लेट बसवलेलं हाड पुन्हा सरकतं.

आता दोष, कारण ते सगळे घेतल्या दिवशीच दुरुस्त करता येतात.

पहिला दोष तळाचा ट्रे. काळा प्लॅस्टिकचा ट्रे खालच्या फटीतून सरकवून बसतो. त्याला रोखायला बहुतेक मॉडेलांत एक छोटी तारेची कडी असते, स्वस्तातल्यात तीही नसते. मांजर रात्रभर कोपरा उकरत बसलं की ट्रे पुढे सरकतो आणि तीन-चार बोटांची फट पडते. डोकं गेलं की मांजर गेलं. ट्रेच्या कडेला दोन भोकं पाडून जाड केबल टायने तो खालच्या जाळीला बांधून टाका. सफाईच्या वेळी टाय कापा, नवा लावा. शंभर टायचं पाकीट महिनाभर पुरतं.

दुसरा दोष कोपऱ्यांचे हूक. घडी होते म्हणजे चारही भिंती हुकांवर अडकलेल्या असतात. भिंतीला धडक बसली की वरचे हूक सुटतात. प्रत्येक उभ्या कोपऱ्यावर वर, मध्ये आणि खाली असे तीन टाय लावले की प्रश्न मिटतो. दार दोन कड्यांचं घ्या. एका कडीच्या दाराचा खालचा कोपरा मांजर पंजाने आत ओढून वाकवतं. तसाच पिंजरा घरात असेल तर कुत्र्याच्या पट्ट्याचा क्लिप खाली अडकवावा.

तिसरा दोष गजांमधलं अंतर. सव्वा ते दीड इंच अंतर मोठ्या मांजराला चालतं, पण तीन महिन्यांखालचं पिल्लू त्यातून सहज निसटतं. पिल्लासाठी बाहेरून अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारेची बारीक जाळी, बांधा, किंवा हा पिंजरा घेऊच नका.

गंज हा खाडीकिनाऱ्याचा रोग. कळवा, कोपरी, वाशी, करावे या पट्ट्यात पावसाळ्यात वेल्डिंगच्या टाक्यांवरचा रंग आधी सुटतो, आणि मांजराचं मूत्र उरलेलं काम करतं. पावडर कोटिंगवाला पिंजरा जास्त टिकतो. तरी खालच्या जाळीला दरवर्षी रेड ऑक्साइडचा हात लागतोच. रंग पूर्ण वाळून वास जाईपर्यंत मांजर आत ठेवू नका.

आतली मांडणी

पिंजऱ्यापेक्षा पिंजऱ्यातला खोका महत्त्वाचा, हे कुठल्याच उत्पादनाच्या माहितीत लिहिलेलं नसतं. माणसाला न सरावलेलं मांजर उघड्या पिंजऱ्यात खात नाही, झोपत नाही, गजांवर नाक घासून रक्त काढतं. किराणा दुकानातून तेलाच्या पाऊचचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका आणा, त्याला साधारण ७ इंच बाय ७ इंचाचं तोंड कापा आणि मागच्या कोपऱ्यात, तोंड बाजूच्या भिंतीकडे करून ठेवा. मांजराला दार दिसत नाही, दाराला मांजर दिसत नाही, दोघंही शांत. ट्रे बदलताना मांजर खोक्यात आहे ना ते बघायचं आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा बाहेरून सारून तोंड बंद करायचं. हात आत घालण्याची एवढी एकच सुरक्षित वेळ. ओला झालेला खोका त्याच दिवशी बदलावा. प्लॅस्टिकचा टब उलटा घालून चालतो, पण एप्रिल-मेमध्ये तो तापतो.

शी-शूच्या ट्रेमध्ये विकतची गुठळ्या होणारी माती घालू नका. ती ओल्या जखमेला आणि टाक्यांना चिकटते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून घाला आणि वर बागेतल्या कोरड्या मातीची एक मूठ भुरभुरवा. आयुष्यभर मातीत गेलेल्या मांजराला तेवढ्यावर जागा समजते. कागदाचा दुसरा फायदा म्हणजे शू झाली की नाही, किती झाली, रक्त आहे का, हे लगेच दिसतं. गाडीखाली आलेल्या, शेपूट ओढलं गेलेल्या मांजराच्या मूत्राशयाची नस जाऊ शकते. २४ तासांत कागद ओला झाला नाही तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

वाट्या स्टीलच्या, गजांना स्क्रूने अडकणाऱ्या घ्या, दाराजवळच्या बाजूला. नुसती ठेवलेली वाटी पहिल्या धडपडीत सांडते आणि खालचा कागद भिजतो. मोठ्या मांजराला दिवसाला कोरडं खाद्य ५० ते ६० ग्रॅम किंवा उकडलेलं बोनलेस चिकन सुमारे १५० ग्रॅम, दोन वेळांत. चिकन मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. दूध देऊ नका, जुलाब लागतात आणि मागची जखम घाण होते. बांगडा उकडून, कोमट करून, काटा काढून ठेवला की रुसलेलं मांजरही वासाला येतं. पहिला दिवस उपाशी गेला तर चालेल. ४८ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना सांगा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, आणि मग मूळ जखमेपेक्षा तेच जास्त जिवावर बेततं.

वरून जुनी सुती चादर, समोरची बाजू अर्धी उघडी. ताडपत्री नको, आत घाम धरतो.

आता मुंग्या आणि माश्या. ओलं खाद्य आणि उघडी जखम एकाच जागी असली की मुंग्यांची रांग लागलीच समजा. पिंजरा चार विटांवर उचला, प्रत्येक वीट पाण्याच्या थाळीत ठेवा आणि पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. चादर थाळीत लोंबत नाही ना ते बघा, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. माशी त्याहून घातक. पावसाळ्यात ती जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. डबल बेडची जुनी मच्छरदाणी चादरीखालून सगळ्या पिंजऱ्यावर घाला. हा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि जून ते ऑक्टोबर तो टाळू नये.

जागा स्टिल्ट पार्किंगचा आतला कोपरा, गच्चीकडच्या जिन्याचं शेवटचं वळण किंवा बंद गॅलरी. मीटर रूम आणि पंप रूम नको. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात मांजर भाजून निघतं. सेक्रेटरीला आधीच दोन ओळी लिहून द्या: किती दिवस, कोण साफ करणार, कोणाचा फोन. नंतर होणारी निम्मी भांडणं तिथेच वाचतात.

सापळा, आणि जोडीदाराचा घोळ

सापळा म्हणजे मांजर आत गेल्यावर दार पडणारा लांबट पिंजरा. दोन प्रकार मिळतात. ग्रिलवाले करून देतात तो उंदराच्या पिंजऱ्याचा मोठा अवतार असतो: आत आकड्याला खाऊ, ओढला की स्प्रिंगचं दार धाडकन बंद. मांजरासाठी हा घेऊ नका. मांजर अर्धं बाहेर राहून पंजाने खाऊ ओढतं आणि दार कमरेवर नाहीतर शेपटीवर बसतं. दुसरा, जमिनीवरच्या पत्र्यावर पाय पडला की वजनाने दार खाली येऊन कुलूप लागणारा. हाच घ्या, लांबी ३६ इंच, किमान ३०, मागे सरकतं दार असलेला. मागचं दार नसेल तर सापळ्यातून मोठ्या पिंजऱ्यात मांजर हलवताना दमछाक होते.

पत्र्याची चाचणी घरी करा. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली पत्र्यावर हळूच ठेवली की दार पडलं पाहिजे. लंगडं मांजर दुखरा पाय टेकत नाही, त्यामुळे घट्ट पत्रा त्याच्याखाली हलतच नाही आणि ते खाऊन निघून जातं. ग्रीस लावू नका, त्यात धूळ बसते. बिजागरी साफ करून खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे.

जोडीचा घोळ असा, की धडधाकट मांजर आधी आत शिरतं. त्याला भूक जास्त, भीती कमी. आपोआप पडणाऱ्या दाराने नको ते मांजर पकडलं जातं आणि जखमी हा सगळा गोंधळ बघून आठवडाभर सापळ्याकडे फिरकत नाही. म्हणून या कामाला सापळा हातानेच चालवावा. दार वर उचलून खाली एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली उभी टेकवा, बाटलीच्या मानेला १५-२० फूट सुतळी बांधा आणि गाडीमागे बसून राहा. जखमी पूर्ण आत, शेपटीसकट, आणि तोंड वाटीत असेल तेव्हाच सुतळी ओढा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने जोडीदाराला नेहमीच्या जागी, सापळ्यापासून २०-२५ फुटांवर, त्याच्या आवडीचं खायला घालून गुंतवून ठेवायचं. एकट्याने हे काम होत नाही.

आदल्या रात्रीपासून दोघांचंही खाणं बंद, पाणी चालू. इथे शेजारचे काका-काकू गॅलरीतून पोळी-दूध टाकतात आणि सगळं मुसळ केरात जातं. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आमिष वासाचं हवं: भाजलेली सुकट, सुके बोंबील, बांगड्याचं डोकं. दारापासून आतपर्यंत चिमूटभर सुकट आणि मोठा वाटा पत्र्याच्या पलीकडे, अगदी मागे. वेळ पहाटेची, पाच ते सातच्या दरम्यान. वर्दळ नसते आणि दोन-तीन तासांत दवाखाने उघडतात. रात्री पकडलं तर सकाळपर्यंत मांजर सापळ्यात अडकून पडतं.

दार पडल्या क्षणी सगळ्या सापळ्यावर जाड चादर. अंधार झाला की आदळआपट थांबते. चादर गाडीत विसरली तर दोन मिनिटांत नाक आणि नखं रक्ताळतात. रिक्षात खाली प्लॅस्टिक अंथरा, सापळा मांडीवर घेऊ नका, बोटं जाळीत घालू नका. लगेजचा लटकता काटा जवळ ठेवा: भरलेल्या सापळ्याचं वजन वजा रिकाम्याचं, म्हणजे मांजराचं. भुलीचा डोस त्यावर ठरतो, डॉक्टर हा आकडा विचारतातच.

चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात जा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम मिटते आणि आत पू होतो. हात सुजेपर्यंत वाट बघायची नाही.

पिंजऱ्यात बरं होणारं काय, न होणारं काय

तोंड उघडून धाप, मागचे दोन्ही पाय ओढत चालणं, थेंबथेंब शूसाठी बोक्याचं कुंथणं, डोळा बाहेर आलेला: या केस थेट दवाखान्याच्या. जवळचा दवाखाना नाही म्हणाला तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, आहे. कुठेही जाण्याआधी फोनवर एकच विचारा: हात न लावू देणाऱ्या मांजराला भूल देऊन तपासता का? सगळीकडे ती सोय नसते, आणि रिक्षाने अर्धं शहर पालथं घातल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांशी बोलताना रोजचं ड्रेसिंग आणि दिवसातून दोनदा गोळी हे जमणार नाही, हे आधीच सांगा. विरघळणारे टाके, शक्यतो कातडीच्या आतून. दोन आठवडे टिकणारं सेफोव्हेसिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन. खाण्यात मिसळता येईल असं वेदनाशामक. गळ्यातली कॉलर पिंजऱ्याच्या गजात आणि खोक्याच्या तोंडात अडकते, त्यामुळे ती टाळता येते का विचारा. मांजर भुलीत आहे तोवर नसबंदी, रेबीजची लस आणि नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापून घेणं याच खेपेत उरकतं का, तेही विचारा. अंगात ताकद नसेल तर डॉक्टर नाही म्हणतील, आणि ते ऐकायचं.

घरगुती औषधांचा मोह आवरा. क्रोसिन, डोलोसारखी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. पाण्यात दुधाळ होणारं डेटॉल आणि अळ्यांवर ओततात ते टर्पेंटाइन मांजर चाटतं आणि त्याला विषबाधा होते. कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिनवाले थेंब मांजराला झटके आणतात. दवाखान्यात जाईपर्यंत दिसणारी घाण धुवायचीच असेल, आणि मांजर धुऊ देत असेल, तर सलाइन, किंवा कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बेटाडीन. एवढंच.

बाहेर राहिलेला जोडीदार

लोक इथे दोन टोकांना जातात. एक, दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवायचं, 'सोबत होईल' म्हणून. नको. कोण खातंय आणि शू कोणाची हे कळत नाही, आणि दुखऱ्याला पळायला जागा नसते. दोन, बाहेरच्याला विसरून जायचं. त्याचं खाणं चुकलं तर तो जागा सोडतो किंवा नवा बोका ती जागा बळकावतो, आणि बरं झालेलं मांजर परक्याच्या हद्दीत सोडावं लागतं. वेळ, जागा आणि वाटी तीच ठेवा, रोज.

पिंजरा त्यांच्या वावरात असेल तर जोडीदार येऊन बसतो. बसू द्या, पण कडेने विटा लावून फूटभर अंतर राखा म्हणजे गजांतून पंजे चालणार नाहीत. जखमीला जुलाब-उलट्या असतील किंवा पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाची, शंका असेल तर भेट बंद. पिंजरा दूर असेल तर दर दोन-तीन दिवसांनी खोक्यातलं फडकं जोडीदाराच्या जेवणाच्या जागी आणि तिथलं फडकं खोक्यात, अशी अदलाबदल करा. दवाखान्याच्या वासाने जोडीदार आपल्याच सोबत्याला ओळखत नाही आणि अंगावर जातो. फडक्यांनी ते बरंच कमी होतं. जोडीदाराचा कान अखंड असेल, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण नसेल, तर सापळा हातात आहे तोवर त्याचीही उरकून घ्यावी.

गळवाचं मांजर दहा-पंधरा दिवसांत मोकळं करता येतं. कमरेच्या हाडाला चार ते सहा आठवडे. सोडताना तारखेपेक्षा चाल बघा, आणि डॉक्टरांचा होकार घ्या. जिथून पकडलं तिथेच, रोजच्या जेवणाच्या वेळी दार उघडा आणि मागे सरका. पहिले दोन-चार दिवस फिसफिस चालते. रक्त येईपर्यंत भांडण झालं तरच मध्ये पडा.

पुढच्या मांजराआधी पिंजरा साबणाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन घ्या आणि मगच घरगुती ब्लीच: १ लिटर पाण्यात ३० मिली, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. मूत्र न धुता ब्लीच ओतलं किंवा टॉयलेट क्लीनरबरोबर मिसळलं तर विषारी वायू निघतो, बंद जिन्यात तर फारच. पुठ्ठा आणि फडकी फेकून द्या.

आमचे गुण: फोल्डिंग पिंजऱ्याला पाचापैकी साडेतीन, टाय आणि खोका घातल्यावर साडेचार. हाताने चालवलेल्या, मागचं दार असलेल्या सापळ्याला पाच. स्प्रिंगवाल्याला शून्य. पिंजरा एकाने घ्यावा. सापळा मात्र तीन-चार सोसायट्यांत मिळून एक पुरतो, कारण तो वर्षातून फार थोडे दिवस लागतो. ३६ इंची पिंजऱ्याला साधारण अडीच ते चार हजार पडतात. पैसे देण्याआधी दुकानातच पूर्ण उघडायला लावा, ट्रे बाहेर ओढून परत बसवून बघा, दोन्ही कड्या दहादा लावा-काढा आणि आतल्या बाजूने वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवा. बोटाला लागलं तर दुसरा नग मागा.